पहिल्या डॉक्टरचं नाव

बेळ्ळंदूर
११ ऑगस्ट २०२५

प्रिय आई,

काल फोनवर मी विम्याचं सांगायला लागले आणि अप्पांनी नेहमीसारखा स्पीकर लावला. मग त्यांनी मधेच मॅचचा स्कोअर सांगितला, तुम्ही कुकर बंद करायला गेलात, आणि सगळं तिथेच राहिलं. म्हणून आता आपल्या रीतीनं, पत्रातच लिहिते. तुमच्या घरात पत्र ही एकच गोष्ट अशी आहे, की ज्याच्या नावाची त्यानंच उघडायची. अप्पांचा हा नियम मला फार आवडतो.

तर ऐका. आमची कंपनी अमेरिकेची. तिकडे असते तशी एक आरोग्य विम्याची योजना यंदा इथेही आणली आहे. माझ्या नावावर मी, त्रिविक्रम आणि तुम्ही दोघं असे चौघं येतो. तुमचा मुलगा पुढच्या वर्षापर्यंत विशाखापट्टणमच्या गोदीत अडकलाय, त्यामुळे हा अभ्यास माझ्याच गळ्यात आहे.

तीन प्रकार आहेत. पहिला स्वस्त. त्यांच्या यादीतलीच हॉस्पिटलं. यादीबाहेर गेलं तर काही मिळत नाही. दुसरा महाग. कुठेही जा, कुणाला विचारू नका. तिसरा या दोघांच्या मधला, त्याचं नाव 'पॉइंट ऑफ सर्व्हिस'. नावावरून मलाही काही कळलं नव्हतं. अर्थ इतकाच, की यादीतल्या ठिकाणी जायचं की बाहेर, हे दुखणं येईल त्या त्या वेळी आपण ठरवायचं. फक्त एक अट आहे. प्रत्येकानं आपला एक पहिला डॉक्टर नेमायचा. काहीही झालं तरी आधी त्याच्याकडे. त्याला गरज वाटली तर तो चिठ्ठी देणार, आणि मग तज्ज्ञ, तपासण्या, ऑपरेशन. चिठ्ठी घेऊन यादीतल्या ठिकाणी गेलं तर जवळजवळ सगळा खर्च ते करतात. चिठ्ठीशिवाय गेलं तर आधी पैसे आपण भरायचे आणि मागाहून निम्मेशिम्मे मिळाले तर मिळाले. जुनी दुखणीही पहिल्या दिवसापासून धरतात. अप्पांची साखर आहे म्हणून हे मुद्दाम विचारून घेतलं.

मला हा मधला बरा वाटतो. आणि तुमच्या दोघांच्या पहिल्या डॉक्टरचं नाव विचारायचीही गरज नाही म्हणा. वादिराजकाका. अप्पांचे सख्खे धाकटे भाऊ, दोन गल्ल्या सोडून दवाखाना, आणि यादीत नावही आहे त्यांचं. मी पाहिलं तेव्हा इतकं हायसं वाटलं. तरी रीत म्हणून विचारते. महिनाअखेरपर्यंत भरायचंय.

तुमची,
शलाका

---

जे. पी. नगर
१५ ऑगस्ट

शलाका,

हे दुपारी झोपल्यावर तुझं पत्र दोनदा वाचलं. छान समजावतेस. मी शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा मुलांना मान्सून असाच समजवायचे, आधी वारा, मग ढग. तरी मुलं परीक्षेत ढग आधी लिहायची.

मधला प्रकार मलाही बरा वाटतो. पण काही विचारायचं आहे. सुम्मने विचारते, काही कारण आहे असं नाही. घरात दोघांचे दोन वेगळे डॉक्टर चालतात का? यांचा वादिराज, आणि माझं दुसरं कुणी? आणि पहिल्या डॉक्टरला सगळं सांगावंच लागतं, की नुसतं 'चिठ्ठी द्या' म्हटलं तरी देतो? त्या यादीत बायका डॉक्टर किती आहेत?

आमच्याकडे असं कुणी कधी विचारलं नाही, हे मला माहीत आहे. आमचे लोक शहाजीराजांबरोबर इथे आले म्हणतात, आणि तेव्हापासून एकदा धरलेला भटजी, डॉक्टर आणि कॉफीची पूड आम्ही बदललेली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा वादिराज मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होता. त्याच्या परीक्षेत त्याला कॉफी मी करून दिली. तो पास झाल्यावर या घरात ताप, खोकला, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, सगळं त्याच्याकडेच गेलं. वहिनी, जीभ दाखव. वहिनी, हात पुढे कर. एवढंच. त्याहून जास्त कधी लागलं नाही.

अजून एक. समोरच्या घरातल्या बाई विचारत होत्या. त्यांच्या छातीत डाव्या बाजूला गाठ आहे, सुपारीएवढी. दुखत नाही. त्यांचे डॉक्टर त्यांच्या नात्यातले आहेत, फार जवळच्या. अशा बाईनं काय करावं, हे तुझ्या कागदात कुठे लिहिलंय का बघ. घाई नाही.

पाऊस स्वल्प कमी आहे. तुझ्या घरासमोरच्या तळ्याला वास येत असेल तर खिडक्या लावून घे.

क्षमा

---

बेळ्ळंदूर
२० ऑगस्ट

प्रिय आई,

तुमचे प्रश्न वाचून मी आमच्या एचआरमधल्या मुलीला जाऊन विचारलं. ती म्हणाली, मॅडम, तुमच्या सासूबाईंनाच इथे नोकरीला पाठवा.

दोघांचे दोन डॉक्टर चालतात. बायका डॉक्टर यादीत आहेत, पण जे. पी. नगरात ज्या आहेत त्या सगळ्या लहान मुलांच्या. आणि पहिल्या डॉक्टरला सांगावंच लागतं, कारण या योजनेत सगळे कागद त्याच्याकडेच जमा होतात. तुम्ही चिठ्ठी घेऊन जा, न घेता जा, यादीबाहेर जा, रिपोर्ट त्याच्याकडे जातो. कुणीतरी एकानं माणसाचं पूर्ण चित्र पाहावं असा हेतू आहे. मला तो भाग आवडला. पुण्यात माझ्या बाबांचे पाच डॉक्टर होते, आणि एकानं दिलेली गोळी दुसऱ्याला माहीत नसायची.

तुम्हाला वेगळा डॉक्टर का हवा, ते मी ओळखलं. गेल्या वर्षी अप्पांच्या गोडावरून काका तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले होते, 'वहिनी, तूच अण्णाला साखर चारतेस.' तुम्हाला ते लागलं होतं. पण आई, एवढ्यासाठी त्यांचं नाव गाळलं तर त्यांना काय वाटेल? मी त्यांना फोन केला होता. इतके खूश झाले की विचारू नका. म्हणाले, 'सूनबाई, दोघांचंही माझ्याकडेच लिही, नाहीतर मी अण्णाच्या घरी कॉफीला कुठल्या तोंडानं जाऊ?' म्हणून मी दोघांच्या नावापुढे त्यांचं नाव लिहून टाकलंय. एक सप्टेंबरपासून लागू.

समोरच्या बाईंना म्हणावं, सुपारीएवढी गाठ असेल तर विम्याचे कागद बघत बसू नका, या आठवड्यातच दाखवा. नात्यातला डॉक्टर असेल तर उलट सोपंच आहे की. आपल्याला बघा, कसली अडचण नाही.

गौरींना येते. माझ्याकडून काय आणू?

शलाका

---

जे. पी. नगर
८ सप्टेंबर

शलाका,

गौरी उठवताना तू विचारलंस, आई, कलश डाव्या हातात का घेत नाही? मी म्हटलं, खांदा आखडलाय. तू लगेच माझा खांदा चोळायला लागलीस आणि मी मागे सरकले. तुला वाईट वाटलं ते मला दिसलं. म्हणून लिहिते आहे.

समोरच्या घरात कुणी बाई राहत नाही. ते घर दोन वर्षं रिकामं आहे. तू त्याच्या फाटकापुढेच गाडी लावतेस.

आता तुला समजलं असेल. उन्हाळ्यात आंघोळ करताना पहिल्यांदा हाताला लागली. तेव्हा वाटाण्याएवढी होती. मी म्हटलं, जाईल. गेली नाही.

त्या दिवशी जेवताना वादिराज काय म्हणाला ते आठव. 'चाळीस वर्षं वहिनीनं मला फुकट कॉफी पाजली, आता कंपनी हिच्याबद्दल मला पैसे देणार. वहिनी, आता तुझी सगळी फाइल माझ्याकडे.' सगळे हसले. तूही हसलीस. मी पुरणपोळी वाढत होते. माझ्या हातातून तूप सांडलं, आणि हे म्हणाले, लक्ष कुठे आहे तुझं.

रागवू नकोस, पण तुझ्या त्या योजनेत जो एक दरवाजा आहे, त्या दरवाज्यात माझा दीर उभा आहे. मी एकोणीस वर्षांची असताना तो सतराचा होता. त्याच्या मुंजीतली धोतरं मी अजून ट्रंकेत ठेवली आहेत. सासूबाई गेल्यावर तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, यांच्या नाही. त्याच्यापुढे मी पदर काढू? आणि नुसतं सांगू तरी कसं? काय शब्द वापरू? आमच्या घरात त्या जागेला नाव नाही, शलाका. छाती म्हणजे धडधडते ती. बाळाला घ्यायचं ते 'अंगावर'. त्यापुढे काही बोलायची वेळ कुणावर आली नाही.

यांना सांगितलं नाही. त्रिविक्रमला सांगू नकोस, तो तिकडून धावत येईल. तुला सांगितलं कारण तू या घरात बाहेरून आलीस, आणि मीही कधीतरी बाहेरूनच आले होते.

क्षमा

---

बेळ्ळंदूर
११ सप्टेंबर

आई,

तुमचं पत्र ऑफिसच्या पार्किंगमध्ये वाचलं. वर जायला बराच वेळ लागला.

मी स्वतःला काय म्हणतेय ते लिहीत नाही, त्यानं तुमची गाठ बरी होणार नाही. काय करता येईल ते लिहिते. पहिला डॉक्टर बदलता येतो, पण विनंती आज केली तरी पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. आणि नाव काढल्याचा मेसेज काकांना जातो. एवढे दिवस थांबायची माझी तयारी नाही. म्हणून ती योजना बाजूला ठेवू. चिठ्ठी नको, यादी नको. माझ्या ओळखीच्या एक सर्जनबाई आहेत, जयनगरला बसतात. पहिली तपासणी साध्या पैशांनी करून घेऊ. कुणाकडे कागद जाणार नाही. पुढचं पुढे.

गुरुवारी, अठराला, मी रजा घेतली आहे. दहा वाजता घरी येते. अप्पांना सांगा, सुनेबरोबर साड्या बघायला चाललेय, दसऱ्याच्या.

त्रिविक्रमला सांगणार नाही. त्यानं परवा विचारलं, आईचा आवाज असा का येतोय? मी म्हटलं, सर्दी आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्याच्यापासून मी कधी काही लपवलं नव्हतं. हे मी तुमच्यासाठी करतेय, पण फार दिवस जमणार नाही.

एवढंच सांगा, की गुरुवारी तयार राहाल.

शलाका

---

जे. पी. नगर
२० सप्टेंबर

शलाका,

गुरुवारी तू आलीस आणि मी घरी नव्हते. हे म्हणाले, सूनबाई आली होती, घोटभर पाणी प्यायली आणि गेली, साड्यांचं काही बोलली नाही. तू फोन केला नाहीस म्हणून तुला दोष देत नाही. मीही केला नाही.

मी यशवंतपूरला अक्काकडे गेले होते. सकाळी तयार झाले, पर्स घेतली, फाटकापर्यंत आले, तिथून रिक्षा केली आणि मेट्रोच्या स्टेशनवर गेले. तू म्हणशील, वादिराज नव्हता, चिठ्ठी नव्हती, बाई डॉक्टर होती, मग आता काय? तेच मी मेट्रोत बसून स्वतःला विचारत होते. तेव्हा कळलं, की इतके दिवस मी वादिराजचं नाव पुढे करत होते. त्याच्यामागे लपायला बरी जागा होती. ती तू काढून घेतलीस, आणि मग नुसती भीतीच उरली.

अक्का तांदूळ निवडत होती. तिच्याबरोबर निवडायला बसले. बोलता बोलता विचारलं, आईला नेमकं काय झालं होतं गं? आम्हाला तेव्हा 'बायकांचं दुखणं' एवढंच सांगितलं होतं. अक्का म्हणाली, 'आता तुला कशाला पाहिजे ते?' मी म्हटलं, सुम्मने. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, 'गाठ होती. मला दाखवली होती. तुझं लग्न ठरत होतं, म्हणाली आता कुणाला सांगू नकोस, कार्य होऊ दे.'

माझं लग्न थाटात झालं, शलाका. त्या वर्षीच्या पावसात आई गेली.

अक्कानं मला काही विचारलं नाही. जेवून जा म्हणाली. मी जेवले. परत येताना वाटत होतं, आता नक्की जाईन. घरी आल्यावर यांना चहा केला, कपडे वाळत घातले, आणि गेले नाही.

तुझी रजा फुकट गेली. जमलं तर माफ कर.

क्षमा

---

बेळ्ळंदूर
२४ सप्टेंबर

आई,

माफीबिफी काही नको.

मी तुम्हाला वचन दिलं होतं ते सोमवारपर्यंत पाळीन. सोमवारी सकाळपर्यंत तुम्ही कुणालातरी दाखवलं नाही, माझ्या बाईंना, काकांना, कुणालाही, तर मी त्रिविक्रमला फोन करणार आणि मग अप्पांना. स्पीकरवर. तुम्ही आयुष्यभर माझ्यावर रागावा, माझं काही म्हणणं नाही. पण रागवायला तुम्ही असायला हव्यात.

आजींनी कार्य होऊ दे म्हटलं. तुम्ही काय होऊ द्यायला थांबलाय?

मला हे असं लिहायचं नव्हतं. तीनदा फाडलं. शेवटी हेच खरं होतं.

शलाका

---

जे. पी. नगर
४ ऑक्टोबर

शलाका,

सोमवारी हॉस्पिटलातून परत येताना गाडीत तू विचारलंस, काकांनी चिठ्ठी दिली कशी? मी म्हटलं, दिली. ड्रायव्हर होता, आणि तुझा हात माझ्या हातात होता, त्यामुळे बोलता आलं नाही. आता लिहिते. त्यानंतर काल जे झालं तेही लिहायचं आहे.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. वाईट वाटलं, आणि बरं वाटलं. तुझ्या बाईंकडे जाता आलं असतं. पण मनात आलं, तिथे जाईन, मग ऑपरेशन म्हणतील, मग कुणीतरी यांना सांगेल, कुणीतरी वादिराजला. माझ्या अंगाची गोष्ट सगळ्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळणार. आईचीही तशीच कळली, तीही इतक्या वर्षांनी. म्हणून संध्याकाळी चपला घातल्या आणि दवाखान्यात गेले. घरी निरोप पाठवला असता तर तो धावत आला असता, आणि मग मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली असती. तसं नको होतं.

इतक्या वर्षांत मी त्या बाकावर कधी बसले नव्हते. काउंटरवरची मुलगी नवीन आहे, तिनं मला ओळखलं नाही. 'अज्जी, टोकन तोगोळ्ळी,' म्हणाली. मी टोकन घेतलं. शेजारी दोन बायका होत्या. एकीच्या नातवाला डेंगी झालेला, दुसरीचा गुडघा. त्या मला विचारू लागल्या, तुमचं काय? मी म्हटलं, डॉक्टरांना सांगते. त्यांनाही ते पटलं. त्या पुन्हा आपल्या गुडघ्याकडे वळल्या.

माझा नंबर आला. वादिराज खुर्चीतून अर्धा उठला. 'वहिनी, तू? इथे कशाला आलीस? अण्णाची साखर वाढली का?' मी पेशंटच्या स्टुलावर बसले. तोंड उघडलं, आणि शलाका, मराठी आलंच नाही. मी ठरवलं नव्हतं. बाहेर तासभर ज्या भाषेत सगळे आपापली दुखणी सांगत होते, त्याच भाषेत मीही बोलले. 'डॉक्टरे, एदेली गंटिदे.' छातीत गाठ आहे. एका दमात. शाळेत विज्ञानाच्या बाई रजेवर असताना मुलींना आजारांवरचा धडा शिकवला होता, तेव्हा हेच शब्द मी फळ्यावर सहज लिहिले होते.

तो खाली बसला. टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, आणि म्हणाला, 'एष्टु दिनदिंदम्मा?' किती दिवस झाले, अम्मा. बाहेरच्या बाईंना विचारतो त्या आवाजात. जो मला आयुष्यभर 'वहिनी, तू' म्हणाला, तो एकेक प्रश्न मला अहो-जाहो करून विचारत गेला. कुठल्या बाजूला. दुखतं का. वाढली का. घरात आधी कुणाला होतं का. तिथे मी म्हटलं, आईला. त्याला ते माहीत नव्हतं. मलाही आदल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. त्यानं तेही लिहिलं.

तो उठला नाही. पडद्यामागे चला म्हणाला नाही. यादीतल्या सर्जनबाईंच्या नावे चिठ्ठी लिहिली, खाली 'तातडीचे' लिहून दोनदा रेघ मारली, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी उठले. दारापाशी वाटलं, आता वहिनी म्हणून हाक मारेल. त्यानं पुढच्या नंबरची घंटी वाजवली.

तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. नंतर मात्र दुसरंच काही होत गेलं. रविवारी तो कॉफीला आला नाही. यांनी फोन केला तर म्हणाला, पेशंट आहेत. दसऱ्याला बन्नीची पानं घेऊन आमच्याकडे पहिला येतो तो, सोनं घे वहिनी म्हणत. यंदा आला नाही. मी दुपारपर्यंत त्याच्या वाटणीचा डबा भरून ठेवला होता. हे म्हणाले, भांडलात की काय तुम्ही? मी म्हटलं, नाही. खरंच भांडलो नव्हतो. आता एकमेकांच्या समोर आलो तर कुठली भाषा बोलायची, ते त्याला कळत नसावं. मलाही कळत नाही.

काल दुपारी घरातला फोन वाजला. हे पेपर वाचत होते. मी घेतला. 'अम्मा, रिपोर्ट बंदिदे.' सोमवारच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता. तोच होता. रिपोर्ट आधी त्याच्याकडेच जाणार, तू लिहिलं होतंस. त्यानं मला कन्नडमध्येच सगळं नीट सांगितलं. गाठ चांगली नाही. पण पसरलेली दिसत नाही, काढता येईल. मंगळवारी सर्जनबाईंनी बोलावलंय, उशीर करायचा नाही. त्याचा आवाज अगदी सरळ होता, शेवटपर्यंत. मी 'सरी डॉक्टरे', बरं डॉक्टर, एवढंच म्हणत होते. मग त्यानं फोन ठेवला.

यांनी पेपर खाली केला. 'कन्नडमध्ये कुणाशी बोलत होतीस?'

'डॉक्टरांशी.'

'कुठले डॉक्टर?'

काय सांगू? वादिराज म्हटलं असतं तर हसले असते, की वादिराजशी कन्नड कशाला? आणि यांच्याशी तर कन्नडही चालणार नव्हतं. ज्या माणसाशी इतकी वर्षं मराठीतच भांडले, हिशेब केले, मुलाचं नाव ठरवलं, त्याच्याशी बोलायला माझ्याकडे ते शब्द नव्हते. हे म्हणाले, 'बोल की.'

सुनेला लिहू नये असं आहे हे, पण तुलाच लिहिते. मी त्यांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले. त्यांचा हात घेतला आणि पदराखाली, गाठीवर ठेवला.

त्यांना लगेच कळलं नाही. मग बोटं थांबली. चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले. आता ओरडतील, इतके दिवस का लपवलंस म्हणतील, असं वाटलं.

'दुखतं का?' म्हणाले.

मी मान हलवली, नाही. त्यांनी हात काढला नाही.

क्षमा